सूनबाईंची साक्ष

मनुष्य साठीच्या पुढें गेला म्हणजे त्याच्या अंगीं दोन गोष्टी एकदमच येतात. नाक, कान, डोळे हीं इंद्रियें मंद होत जातात आणि त्या इंद्रियांवरील त्याचा विश्वास मात्र बळावत जातो. ही गोष्ट आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत आमच्याच अंगणांत कळून आली. ती सांगतांना आमची थोडी फजिती होणार आहे. परंतु इतकीं वर्षें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्यावर स्वतःची एक चूक काळ्या शाईनें छापून येऊं देण्यास आमची हरकत नसावी.

आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आहे. थोरले बंधु, वहिनी, आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना, महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविणारा एक पुतण्या आणि नातवंडें अशीं आम्ही बारा माणसें अद्याप एकाच पंक्तीस जेवतों. आमची स्वतःची विद्या म्हणाल तर जुन्या अकरावीची मॅट्रिक. त्यापुढें एका शास्त्रीबोवांपाशीं बसून व्याकरणाचे आणि तर्कसंग्रहाचे पाठ घेतले, व त्या शिदोरीवर एका शाळेंत संस्कृत शिकवून आम्ही सेवानिवृत्त झालों. प्रमाणें आणि हेत्वाभास यांची आवड म्हातारपणींहि सुटली नाहीं. घरांत कांहीं तंटा निघाला कीं निकाल आम्हींच द्यावा अशी वहिवाट त्यामुळें पडून गेली होती.

दोन वर्षांपूर्वीं आमच्याकडे नळाचा गॅस आला. त्याची नळी फाटकापासून जमिनीखालून निघून, तुळशीवृंदावनाच्या कडेनें अंगण ओलांडून, मागच्या स्वयंपाकघरांत जाते. मार्गशीर्षांतल्या एका सायंकाळीं धाकट्या सूनबाई बँकेंतून परत आल्या आणि पायांवर पाणी घेण्यापूर्वींच आमच्यापुढें येऊन म्हणाल्या, "मामंजी, वृंदावनापाशीं मला कुजक्या कोबीसारखा वास येतो. कालहि येत होता."

आम्ही अंगणांत गेलों, वांकून हुंगलें, कांहीं नाहीं. थोरल्या बंधूंस बोलाविलें; त्यांनाहि कांहीं नाहीं. वहिनींचें घ्राणेंद्रिय २०२१ सालच्या साथींत जें गेलें तें पुरतें परत आलेलेंच नाहीं. आमच्या कुटुंबास त्या दिवशीं पडसें होतें. येणेंप्रमाणें चार वडील माणसांची साक्ष एका बाजूस आणि एकट्या सूनबाईंची दुसऱ्या बाजूस पडली. त्या चार साक्षीदारांपैकीं एक तपकीर ओढणारा, एक घ्राणहीन, एक पडशानें बेजार आणि चौथा अडुसष्ट वर्षांचा होता, ही गोष्ट न्यायाधीशाच्या ध्यानांत आली नाहीं; कारण चौथा साक्षीदार न्यायाधीश स्वतःच होता! दोरीच्या ठायीं जसा सर्प भासतो तसा हा गंधाचा भास आहे, असा आम्हीं निकाल दिला. सूनबाई "बरं, मामंजी" एवढेंच म्हणाल्या.

दुसरे दिवशीं तिन्हीसांजेचा दिवा वृंदावनांत दिसला नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, "सासूबाई, चार दिवस दिवा देवघरांतच लावूं या," अशी विनंति सूनबाईंनीं केली होती. आमच्या आजीच्या वेळेपासून त्या वृंदावनांतला दिवा कधीं चुकला नव्हता. आम्हांस राग आला, आणि मुलांदेखत आम्ही बोलून गेलों कीं, या घरांत दिवा कोठें लावावा हें कालच्या आलेल्या माणसानें ठरवूं नये. हें वाक्य आज लिहितांना हात अडखळतो. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं फर्मावलें कीं आज दिवा वृंदावनांतच लागला पाहिजे.

त्याच दिवशीं दुपारीं गॅस पुरविणाऱ्या मंडळींचा एक तरुण माणूस फाटकाशीं येऊन उभा राहिला. सूनबाईंनीं आम्हांस न विचारतां फोन केला होता. आम्ही त्याला परत पाठविण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत त्यानें पिशवींतून हातदिव्याएवढें एक यंत्र काढलें आणि फाटकांतूनच तें अंगणाकडे रोखलें. जमिनीवर एक हिरवा ठिपका पडला. भिंतीवरून, फरशीवरून तो ठिपका तो सावकाश फिरवीत होता आणि यंत्र स्वस्थ होतें. ठिपका वृंदावनाच्या पायथ्याशीं आला मात्र, यंत्र ओरडूं लागलें.

"आजोबा, मागें व्हा," तो म्हणाला. "विजेचं बटण कुणी दाबूं नका. शेगडी बंद करायला सांगा." त्यानें फाटकाजवळची चावी बंद केली. पुढें त्याच्या सोबत्यांनीं येऊन खणलें तेव्हां नळीचा एक सांधा सैल सांपडला. आमच्या माजघराखालीं जुनें तळघर आहे. जमिनींतून वाट काढीत वायु तेथें सांचत गेला असता तर काय झालें असतें तें आम्ही येथें लिहीत नाहीं. हवेंत या वायूचें प्रमाण शेंकडा ५ ते १५ च्या दरम्यान आलें म्हणजे एक ठिणगी पुरते. उघड्या अंगणांत तो वर निघून जातो, तेव्हां दिव्यानें कदाचित् कांहींच झालें नसतें. परंतु 'कदाचित्' या शब्दावर बारा माणसांच्या घराचा निकाल द्यावा काय, हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीं झोंप येऊं देईना.

रात्रीं पुतण्यास जवळ बसवून आम्हीं विचारलें, "अरे, आम्हीं इतकें वांकून हुंगलें तरी कळलें नाहीं, आणि तो मुलगा फाटकांतूनच कसा सांगूं शकला?"

"काका, तुम्ही जें हुंगत होतां तो गॅस नव्हेच," तो म्हणाला. नळांतून येणारा वायु मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास मुळींच नाहीं. तो सुटला तर माणसास कळावें म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाचीं गंधकयुक्त द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत मुद्दाम मिसळतात. हा वायु मातींतून झिरपूं लागला म्हणजे माती त्यांतलें गंधद्रव्य पुष्कळसें धरून ठेवते. वायु वर येतो, वास मागें राहतो. जो थोडासा वास वर आला तो सूनबाईंच्या तरुण नाकास कळला आणि आम्हांस कळला नाहीं. यंत्र मात्र वासाच्या वाटेस जातच नाहीं. तें मिथेनलाच पाहतें.

"पाहतें?" आम्ही म्हणालों. "वायूला रूप नसतें. तो स्पर्शावरून कळतो. मुलांना आम्हीं जन्मभर हेंच शिकविलें."

"डोळ्यांना दिसेल असें रूप नसतें, हें खरेंच. पण प्रकाश डोळ्यांपाशींच संपत नाहीं, काका."

त्यापुढें त्यानें जें सांगितलें तें आम्ही आमच्या समजुतीप्रमाणें येथें मांडतों. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें सूर्यप्रकाशाचे लोलकानें सात रंग पाडले आणि एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस केवळ अंधार दिसत होता, तेथेंच पारा अधिक चढला. हे अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण. आपली दृष्टि सुमारें ०.७ मायक्रॉन लांबीच्या लहरीपाशीं थांबते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हे किरण त्याहून लांब लहरींचे असतात.

आतां मिथेनचा रेणु म्हणजे मधोमध एक कार्बन आणि त्याला जणूं स्प्रिंगांनीं जोडलेले चार हायड्रोजन. हे अणु ठराविक गतीनेंच थरथरूं शकतात. सतारीची मुख्य तार छेडली असतां तिच्या सुराशीं जुळणारीच तरफेची तार आपोआप निनादते, बाकीच्या स्वस्थ राहतात. त्याचप्रमाणें ज्या किरणाची लय रेणूच्या थरथरीशीं जुळते तोच किरण रेणु गिळतो, बाकीचे सोडून देतो. प्रत्येक वायूच्या आवडीचे किरण निराळे. मिथेन ज्यांना गिळतो त्यांपैकीं कांहीं १.६५ मायक्रॉनच्या आसपास आहेत. म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशांत प्रत्येक वायूला आपापला रंग आहे, असें म्हटल्यास चालेल.

हा रंग ओळखण्यास लेसर कां लागतो? साधा दिवा म्हणजे मंडईतला गलका. त्यांत सगळेच सूर एकदम. लेसर म्हणजे एकाच सुरांत मिळविलेली तार. तो मिथेनच्या नेमक्या सुरावर लावतां येतो, आणि त्याचा सूर क्षणांत किंचित् इकडे, किंचित् तिकडे सरकवितांहि येतो. एकाच वाटेनें दोन जासूद पाठवावे, त्यांतल्या एकासच लुटणारे चोर वाटेंत असावे, आणि दोघे परत आल्यावर त्यांच्या थैल्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, तसा हा प्रकार आहे. धूळ, ऊन, भिंतीचा रंग यांमुळें दोघांचेंहि सारखेंच नुकसान होतें. जो फरक उरतो तो मिथेनचा. त्या मुलाच्या यंत्रांतून निघालेला अदृश्य किरण जमिनीवर आपटून जो थोडासा परत फिरला, त्यांतला हा फरक यंत्रानें मोजला. हिरवा ठिपका केवळ नेम कळावा म्हणून. असलीं हातयंत्रें सुमारें ३० मीटर अंतरावरून काम देतात.

या यंत्राच्या मर्यादाहि पुतण्यानें सांगितल्या, त्या बऱ्या वाटल्या; कारण ज्याची मर्यादा कोणी सांगत नाहीं त्या वस्तूचा आम्हांस संशय येतो. तें भिंतीपलीकडचें पाहूं शकत नाहीं. ज्या वायूच्या सुरावर लावलें असेल त्याशिवाय दुसरा वायु त्याला कळत नाहीं. तें जो आंकडा देतें तो दाटपणा आणि जाडी यांचा गुणाकार असतो. वायूचा दाट पण लहान झोत आणि विरळ पण लांब पट्टा हे त्याला सारखेच. वायु वाटेंत नक्की कोठें आहे हें पाहिजे असेल तर किरणाचे तुटक ठोके सोडून, हवेंतील धुळीवरून परतणाऱ्या प्रत्येक प्रतिध्वनीस किती वेळ लागला तें मोजावें लागतें. यासाठीं मोठीं यंत्रें आहेत. अशाच तत्त्वाचें एक यंत्र चीननें एप्रिल २०२२ मध्यें सोडलेल्या दाची-१ या उपग्रहावर बसविलेलें आहे. तें रात्रीं, सूर्यप्रकाश नसतांहि, स्वतःचा किरण पृथ्वीवर सोडून हवेंतील कार्बन डायऑक्साइड मोजतें.

"आणि काका," पुतण्या म्हणाला, "असल्या कामांत ज्यांचें नांव आधीं घ्यावें त्यांपैकीं एक माणूस पुण्यांतच शिकला आहे." चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला. १९५८ सालीं ते पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजांतून पदवीधर झाले, १९६१ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्डहून डॉक्टर झाले आणि बेल प्रयोगशाळेंत रुजू झाले. पहिला लेसर मेमन यांनीं १९६० सालीं माणकाच्या कांडीपासून केला होता. पटेलांनीं १९६४ सालीं कार्बन डायऑक्साइड वायूचाच लेसर केला. त्याचा किरण अवरक्त, १०.६ मायक्रॉनचा. पोलाद कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत तो लेसर कामास आला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या ९ ते ११ मायक्रॉनच्या पट्ट्यांत ओझोन, अमोनिया, एथिलीन यांचे सूर सांपडतात, म्हणून हवेंतील हे वायु दुरून मोजण्यासहि तो उपयोगी पडला.

पुढें पटेल आणि त्यांचे सहकारी यांनीं निराळ्या जातीचा एक अवरक्त लेसर बलूनमधून २८ किलोमीटर उंचीवर नेला. त्या वेळीं ध्वनीहून वेगवान विमानांच्या धुरांतील नायट्रिक ऑक्साइड आकाशांतल्या ओझोनच्या थराला खाईल काय, असा वाद जगांत चालू होता. तेथें तो वायु मुळांत किती आहे हें मोजल्याशिवाय वाद मिटण्यासारखा नव्हता. हें मोजणें दुरून नव्हतें. यंत्रच हवेपर्यंत गेलें होतें. किरण गिळून वायु किंचित् तापतो, तापून फुगतो, आणि त्या फुगण्याचा जो सूक्ष्म ध्वनि होतो तो त्यांनीं ऐकला! सूर्योदयापूर्वीं तेथें तो वायु जवळ जवळ नाहीं, दिवस वर येतो तसा वाढतो आणि सूर्यास्तास पुन्हां ओसरतो, असें त्यांस आढळलें. हा निबंध १९७४ सालीं प्रसिद्ध झाला.

याहूनहि मौजेची गोष्ट मंगळावरची. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित् बेसूर असल्या म्हणजे त्यांच्या मेळांतून जसे सावकाश हेलकावे ऐकूं येतात, तसे दुर्बिणींतून आलेला ग्रहाचा प्रकाश आणि जवळ ठेवलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण यांच्या मेळांतून हेलकावे निघतात. त्यांवरून ग्रहाच्या हवेंतील वायूंचे सूर फार बारकाईनें वाचतां येतात. मंगळाची हवा शेंकडा ९५ कार्बन डायऑक्साइडच आहे. तिच्या वरच्या थरांत सूर्याच्या उन्हामुळें १० मायक्रॉनचा प्रकाश आपोआप वाढविला जातो, म्हणजे निसर्गानेंच तेथें लेसर मांडून ठेवला आहे, असें मायकेल ममा आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं दाखवून दिलें. बारामतीस जन्मलेल्या माणसानें प्रयोगशाळेंत जो दिवा लावला त्याच्या जातीचा दिवा मंगळावर युगानुयुगें तेवत होता, आणि कोणाच्याहि डोळ्यांस तो दिसत नव्हता!

हें सर्व आमच्या ग्रंथांत होतेंच, असें म्हणण्याचा मोह या वयांत फार होतो. तो आम्ही टाळतों. होतें तेवढेंच सांगावें. रूप म्हणजे डोळ्यानें ग्रहण होणारा गुण, अशी आमच्या शास्त्रकारांची व्याख्या आहे. त्या अर्थानें वायूला रूप नाहीं हें आजहि खरें आहे. शास्त्र चुकलें नाहीं, शास्त्र शिकविणारा चुकला. 'आम्हांस दिसत नाहीं' यावरून 'तें नाहीं' असें अनुमान शास्त्रांत कोठेंहि सांगितलेलें नाहीं. एखादी वस्तु तेथें असती तर दिसलीच असती, एवढी खात्री असेल तरच तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. आमच्या नाकाची तेवढी योग्यता होती काय, हें आम्हीं तपासलें नाहीं.

याहूनहि मोठी चूक शब्दप्रमाणाची. आप्त म्हणजे जो वस्तु जशी असेल तशी जाणतो आणि तशीच सांगतो, तो. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनांनीं स्पष्ट म्हटलें आहे कीं आप्ताचें हें लक्षण ऋषींस, आर्यांस आणि म्लेच्छांस सारखेंच लागू आहे. मग तें घरांतल्या धाकट्या सुनेस कां लागू नसावें? आम्हीं तिची साक्ष खोटी ठरविली ती पुराव्यावरून नव्हे, तर ती पंक्तींत शेवटीं बसते म्हणून.

पुतण्यानें या संबंधांत आणखी एक हकीकत सांगितली. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हांत ठेवली असतां हवेच्या नळीपेक्षां अधिक तापते, आणि हा वायु आकाशांत वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, असें युनिस फूट या अमेरिकन बाईनें १८५६ सालीं लिहिलें. तिचा निबंध विद्वानांच्या सभेंत तिनें वाचला नाहीं. तो जोसेफ हेन्री या गृहस्थांनीं वाचला, आणि पुढें दीडशें वर्षें लोक तो विसरून गेले. १८५९ सालापासून लंडनमध्यें जॉन टिंडल यांनीं वायु उष्णतेचे किरण कसे गिळतात हें काळजीपूर्वक मोजलें, आणि सर्व कीर्ति योग्यपणें त्यांस मिळाली. परंतु त्या बाईचीहि साक्ष खरीच होती. हवेच्या दहा लक्ष भागांत मिथेन पूर्वीं सुमारें ०.७ भाग होता, आतां १.९ च्या वर गेला आहे. असे सूक्ष्म आंकडे आज जगांत मोजले जातात, त्याचें एक मूळ त्या उन्हांत ठेवलेल्या नळ्यांपाशीं आहे.

असो. वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, घरांतल्या कोणासहि, मग तें लहान मूल कां असेना, गॅसचा वास आला असें त्यानें सांगितलें, तर मतें मोजीत बसूं नये. दिवा अगर बटण यांस हात न लावतां खिडक्या उघडाव्या, चावी बंद करावी, माणसांस बाहेर काढावें आणि तेथूनच फोन करावा. यंत्र येईल तेव्हां येईल. तोंवर घरांतलें सर्वांत तीक्ष्ण नाक ज्याचें, तोच त्या वेळचा कर्ता पुरुष.

दुसरे दिवशीं रात्रीं पान वाढल्यावर, ज्या मुलांदेखत आम्ही बोललों होतों त्यांच्याच देखत, आम्ही म्हणालों, "सूनबाई, आमचा निकाल चुकला. तुमची साक्ष खरी होती, आणि तुम्हांला जें बोललों तें बोलावयास नको होतें." पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. थोरल्या बंधूंनीं तपकिरीची डबी हळूच मागें सारली. सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या, आणि म्हणाल्या, "मामंजी, सांधा दुरुस्त झालाय. उद्यांपासून दिवा वृंदावनांत लावूं ना?"

आम्ही म्हणालों, "तें तुम्हीच ठरवा."